सावित्रीच्या काठची मगर

सावित्री नदीतल्या मगरी महाड शहराच्या अगदी अंगाला लागून राहतात. दादली पुलाच्या आसपास, केंबुर्लीकडे, भोईघाटाच्या बाजूला हिवाळ्यात ओहोटी लागली की चिखलाची लांबट उतरण उघडी पडते आणि ऊन चढू लागताच मगरी तिच्यावर येऊन पडतात. जबडा उघडा, पाय अंगालगत, शेपूट अर्धी पाण्यात. दुरून पाहणाऱ्याला पुरात वाहून आलेले ओंडके वाटावेत, इतक्या निश्चल. त्याच वेळी पुलावरून एसटी जात असते आणि खालच्या अंगाला एखादी होडी जाळे लावत असते. रायगड जिल्ह्यात कर्नाळा (१९६८) आणि फणसाड (१९८६) अशी अभयारण्ये आहेत. एक पक्ष्यांसाठी, दुसरे किनाऱ्यालगतच्या जंगलासाठी. सावित्रीचा हा काठ त्यांपैकी कशातच येत नाही. तरीही मगर इथे टिकली. ती कशी टिकली हे नदीच्या इतिहासातून उलगडते, आणि आज तिला धोका कुठून आहे तेही.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, कोयना आणि वेण्णा घाटमाथ्यावरून देशाकडे जातात. सावित्री मात्र कडा उतरून कोकणात येते. पोलादपूरवरून ती महाडला पोहोचते. काळ आणि गांधारी या रायगड किल्ल्याच्या परिसरातून येणाऱ्या नद्या महाडच्या आसपास तिला मिळतात. तिथून दासगाव, आंबेत अशी गावे घेत, एका बाजूला रायगड आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरी जिल्हा ठेवत, हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या मधून ती समुद्राला मिळते. सगळा प्रवास जेमतेम शंभर किलोमीटरचा. पण त्यातला जवळजवळ निम्मा भरतीच्या टप्प्यात येतो: समुद्र महाडपासून सुमारे ५० किलोमीटर दूर असूनही उधाणाचे पाणी शहराच्या घाटापर्यंत चढते.

मगरीला ही रचना मानवते. वरच्या अंगाला दगडधोंड्यांतून धावणारे पाणी तिच्या कामाचे नाही. मुखाजवळची लाटांची, खारी खाडीही नाही. महाड ते दासगाव हा मधला पट्टा मात्र संथ, खोल डोहांचा आणि गाळाच्या काठांचा आहे. पावसाळ्यात तो गोडा असतो, उन्हाळ्यात मचूळ. मगर मुळात गोड्या पाण्याची, पण तिच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि मचूळ पाणी ती सोसू शकते. श्रीलंकेतल्या किनारी सरोवरांत आणि गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यातही ती याच बळावर राहते.

नावांचा गोंधळ आधी सोडवायला हवा, कारण त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना चूक होते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात लोक ज्या प्राण्याला ‘सुसर’ म्हणतात, तो शास्त्राच्या भाषेत मगरच असतो: ‘क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस’, म्हणजे दलदलीतली मगर. रेने लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये तिला हे नाव दिले. लांब, चिंचोळ्या तोंडाची, नराच्या नाकाडावर घड्यासारखा उंचवटा असलेली घडियाल हा वेगळा प्राणी. मराठी पुस्तकांत ‘सुसर’ हे नाव पुढे तिला दिले गेले. ती गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, सिंधू या नदीखोऱ्यांतली. कोकणच्या नद्यांशी तिचा संबंध नाही. इंग्रज लेखक तर अनेकदा सरसकट ‘अ‍ॅलिगेटर’ लिहून मोकळे होत, आणि अ‍ॅलिगेटर भारतात नाहीच. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांनी खडबडीत पाठीची मगरच पाहिली असणार. जिच्या तावडीत सापडलो तिची खोटी स्तुती करावी लागते, हा तिचा अर्थ. ‘मगरमिठी’ आणि ‘नक्राश्रू’ हे शब्दही याच प्राण्याभोवतीचे. भाषेत तिला भीती पुरेपूर मिळाली. माया फारशी नाही.

गोव्यात चित्र वेगळे दिसते. तिथे मगरीला ‘माणगे’ म्हणतात. कुंभारजुवे कालव्याच्या आसपासच्या काही गावांत पौष अमावास्येला खाजण शेताच्या बांधालगत चिकणमातीची मगर थापून तिची पूजा करतात. ‘माणगे थापणी’ या नावाने ती प्रथा ओळखली जाते. भरतीच्या पाण्यापासून शेत राखणारा बांध हीच त्या शेतीची जीवनरेषा, आणि त्या बांधाची राखण मगरीकडे सोपवलेली. सावित्रीकाठी अशी प्रथा ठाऊक नाही. पण शेजाऱ्याशी जसे जपून वागावे, तसे तिच्याशी वागण्याची रीत इथेही आहे. कोणत्या डोहात उतरायचे नाही, कोणत्या महिन्यात गुरे कुठल्या घाटावर पाण्याला न्यायची, हे काठावरच्या माणसाला लहानपणीच कळते.

सावित्री एके काळी आजच्यापेक्षा कितीतरी गजबजलेली होती. महाड हे घाटाखालचे बंदर होते. देशावरचा माल घाट उतरून इथे येई आणि मचव्यांतून, पडावांतून खाडीने समुद्राकडे जाई. समुद्रमार्गे आलेला माल त्याच वाटेने वर चढे. महाडजवळ गांधारपाले इथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. व्यापारी वाटांवर अशी लेणी असतात, आणि ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीही वाहती होती याची ती खूण आहे. शिवकाळात रायगड राजधानी झाली, तेव्हा तिचे पाण्याकडचे दार सावित्रीच होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. कोकणच्या मुख्य भूमीवरचे त्यांचे हे सुरुवातीचे ठाणे. पुढे मोठी जहाजे दासगावपर्यंत येत आणि त्यावरचा प्रवास लहान होड्यांतून होई, कारण पात्र गाळाने उथळ होत चालले होते.

गाळाने बंदर मारले आणि रस्त्याने त्याची उरलीसुरली गरज संपवली. महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल १९२८ मध्ये उभा राहिला. पुढे मुंबई-गोवा महामार्ग वाहता झाला, मचव्यांची जागा मालमोटारींनी घेतली. रोह्यापासून वीरपर्यंतचा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये. नदीवर उरल्या त्या मासेमारीच्या होड्या, तरी आणि मुखाजवळची बागमांडला-वेसवी फेरीबोट. माणसाने नदीकडे पाठ फिरवली, त्यातून मगरीला उसंत मिळाली असावी. ज्या गाळाने बंदर बुजवले, त्याच गाळाची बेटे आणि उतरणी ऊन खाण्याची तिची जागा बनल्या. एका जिवाचे नुकसान दुसऱ्याच्या पथ्यावर पडावे, असे नदीच्या इतिहासात वारंवार घडते.

मगरीवरचे सर्वांत मोठे संकट मात्र नदीच्या बाहेरून आले. बंदुका सर्वत्र पोहोचल्यावर देशभर मगर दिसेल तिथे मारली जाऊ लागली. शिकारीच्या हौसेसाठी, ती गुरांना आणि माणसाला धोका म्हणून, आणि विसाव्या शतकात तिच्या कातड्यासाठी. पोटाकडचे मऊ, चौकटी-चौकटींचे कातडे पिशव्या, पट्टे आणि बुटांसाठी परदेशात जाई. मोठ्या नद्यांना धरणे झाली, अंडी खाण्यासाठी उकरली गेली. १९७० च्या सुमारास भारतातल्या तिन्ही जाती, म्हणजे मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल, संपण्याच्या मार्गावर होत्या. घडियालांची संख्या तर २०० च्या आत आल्याचा अंदाज होता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हा वळणाचा टप्पा. तिन्ही जातींना त्यात सर्वांत कडक संरक्षण देण्यात आले आणि शिकार, अंडी गोळा करणे, कातड्याचा व्यापार हे सगळे गुन्हे ठरले. २०२२ मध्ये या कायद्याच्या अनुसूचींची फेररचना झाली, तरी मगर पहिल्या अनुसूचीतच राहिली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराची बंदी आली. एप्रिल १९७५ मध्ये भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. अन्न व कृषी संघटनेकडून आलेले एच. आर. बस्टर्ड हे त्याचे तज्ज्ञ सल्लागार होते. ओडिशातल्या टिकरपाडा इथे घडियालांसाठी, भितरकणिकात खाऱ्या पाण्यातल्या मगरींसाठी आणि सिमलीपालमधल्या रामतीर्थ इथे मगरींसाठी काम उभे राहिले. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रास क्रोकोडाइल बँक स्थापन केली. हैदराबादला प्रशिक्षण संस्था निघाली. महाराष्ट्रात ताडोबाच्या जंगलात बोटेझरी इथे मगर पालन केंद्र सुरू झाले.

कामाची पद्धत सर्वत्र सारखीच होती. नदीकाठची घरटी शोधायची, अंडी उचलून संरक्षित जागी उबवायची, पिल्ले दोन-तीन वर्षे वाढवायची आणि शत्रूंना पुरून उरतील एवढी झाली की संरक्षित पाण्यात सोडायची. निसर्गात अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात. घोरपड, बगळे, मोठे मासे, पूर आणि खुद्द मोठ्या मगरी त्यांचा फडशा पाडतात. ती सुरुवातीची गळती थांबवणे हा या पद्धतीचा गाभा. मगरीच्या बाबतीत तिला इतके यश आले, की काही वर्षांतच पिल्ले सोडायला जागा पुरेना. प्राणी तयार होते, पण त्यांना घेईल असा मोकळा काठ उरला नव्हता. जगभरच्या नोंदींत मगर आज ‘असुरक्षित’ जात आहे आणि घडियाल त्याहून बिकट, नष्ट होण्याच्या टोकावर.

सावित्रीला या सगळ्यातून मिळाला तो मुख्यतः कायदा. मगर मारली तर तुरुंग, हे गावोगाव पोहोचले आणि तेवढ्याने मारणारे हात थांबले. इथल्या मगरींनी आपली संख्या स्वतःच सावरली. म्हणूनच ही वस्ती अभ्यासकांना मोलाची वाटते. पिंजऱ्यातून आणून सोडलेल्यांची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात राहिलेल्यांची ती आहे.

तिचा बारकाईने अभ्यास अलीकडच्या काळातला. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या दोन संशोधकांनी महाडच्या पट्ट्यात दीर्घकाळ निरीक्षणे केली. ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात मगरीच्या वागण्याबद्दल चकित करणाऱ्या नोंदी आहेत. मगरी एकत्र येऊन माशांना घेरतात. तोंडाजवळ काटक्या घेऊन निश्चल पडून राहतात, आणि घरट्यासाठी काड्या शोधणारा पक्षी जवळ आला की झडप घालतात. मद्रास क्रोकोडाइल बँकेतही बगळ्यांच्या वीणीच्या काळात असेच दिसल्याची नोंद त्याआधी झाली होती. मगर म्हणजे भुकेचे एक आंधळे यंत्र, ही समजूत एवढ्यानेही ढासळते.

झेंडूची गोष्ट त्याहून विलक्षण. घाटांवरून नदीत टाकलेल्या निर्माल्यातली झेंडूची फुले संथ पाण्यात तरंगत राहतात, आणि मगरी त्या पिवळ्या फुलांमध्ये जाऊन अंग टेकून पडलेल्या या संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसल्या. झेंडूच्या पाकळ्यांत जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात. सांडपाण्याने मलिन झालेल्या नदीत त्यांचा त्वचेला उपयोग होत असावा, अशी शक्यता त्यांनी मांडली. लेखातला तिसरा प्रसंग सर्वांत जास्त चर्चेत आला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केलेले एक कुत्रे उथळ पाण्यात शिरले. जवळच तीन मोठ्या मगरी तरंगत होत्या. त्यांनी कुत्र्याला धरले नाही. नाकाडाने ढकलत ते सुरक्षित काठाकडे नेले. एकाच प्रसंगावरून मगरीच्या मनात दया आहे असे म्हणता येत नाही. पोट भरलेले असणे हेही कारण असू शकते. पण प्रसंग पाहिला गेला आहे आणि तो नीट नोंदवला गेला आहे. जनावर समजून घेण्याची सुरुवात अशाच नोंदींनी होते.

याच पट्ट्याची दुसरी एक नोंद सरकारी कागदांत आहे. महाडला बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या सांडपाण्याची तक्रार काठावरचे मच्छीमार अनेक वर्षे करत आले. मासे मरून तरंगणे, पाण्याचा रंग बदलणे, खाडीतली मासळी आटणे, हे त्यांच्या बोलण्यात नेहमी येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत महाराष्ट्रातले ५३ होते, आणि त्यांपैकी एक दादली पूल ते मुठवली हा सावित्रीचा. जिथे मगरी ऊन खातात, जिथे त्या झेंडूत अंग टेकतात, तेच हे पाणी. मगर चिवट प्राणी आहे. घाण पाण्यात ती तग धरते. तिचे खाद्य मात्र तग धरत नाही. मासळी घटली की मगर घाटाजवळच्या कुत्र्यांकडे, कोंबड्यांच्या टाकाऊ अवशेषांकडे, काठावरच्या शेळीकडे वळते. तिथून माणसाशी गाठ पडायला वेळ लागत नाही.

संपूर्ण देशाला सावित्रीतल्या मगरींची ओळख झाली ती मात्र एका भयंकर रात्री. २ ऑगस्ट २०१६ ला १९२८ चा तो जुना पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. सुमारे ४० माणसांचा बळी गेला. शोध घेणारे नौदलाचे पाणबुडे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान गढूळ, वेगवान पाण्यात उतरले, तेव्हा नदीत मगरी आहेत ही बातमी दुर्घटनेच्या बातमीबरोबरच सर्वत्र पोहोचली. मृतदेह वाहत खूप दूर, किनाऱ्यापर्यंत गेले होते. ज्यांनी जिवाभावाची माणसे गमावली, त्यांच्या मनात त्या दिवसांत मगरीविषयी काय आले असेल, हे वेगळे सांगायला नको. पण पूल मगरींनी पाडला नव्हता. पूर आला की मगर मुख्य धारेतून बाजूला होते आणि काठालगतच्या झाडीत, ओढ्यांत, बुडालेल्या शेतांत आसरा घेते. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला, आणि बातम्यांमधून सावित्रीच्या मगरी पुन्हा नाहीशा झाल्या.

पुरात मगर बाजूला होते ती कुठे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अवघड होत चालला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी, बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात, बुडालेल्या घराच्या छपरावर बसलेली मगर सगळ्या देशाने पाहिली. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिपळूणमध्ये रात्रीच्या पावसात रस्त्यावरून चालणारी मगर दिसली. ती वाशिष्ठी नदीतून आलेली असावी. बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला की हेच घडते. या सगळ्या ठिकाणी पूररेषेच्या आत बांधकाम चढत गेले आहे. जी जमीन पावसाळ्यात नदीची आणि म्हणून मगरीची होती, तिथे आता अंगण आहे. महाडला २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा पाणी दुमजली घरांच्या वरच्या मजल्याला भिडले. पूर ओसरल्यावर शहरापुढचा पहिला प्रश्न चिखलाचा होता आणि दुसरा नदीच्या पात्राचा.

त्या पुरानंतर पात्रातला गाळ आणि मधली बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. महाडकरांची ती जुनी मागणी होती. पात्र उथळ झाले, दासगावकडे वाट अडली, म्हणून पाणी शहरात शिरते, हे त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे. शहराला पुरापासून संरक्षण हवेच. पण मगरीच्या बाजूने पाहिले तर गाळाचे बेट हे तिचे घर असते. मगर थंड रक्ताची आहे. शरीराचे तापमान राखायला तिला रोज काही तास ऊन लागते, आणि माणसा-कुत्र्यांपासून सुटी अशी पाण्याने वेढलेली उतरण त्यासाठी सर्वांत सुरक्षित. काठाच्या मऊ मातीत ती लांब बिळेही खोदते आणि कडक उन्हात त्यांत शिरते. काठ यंत्राने उभा कापला, दगडाने बांधला, की तिच्यासाठी त्याची भिंत होते.

खाडीच्या खालच्या भागात रेतीउपशाने हेच वर्षानुवर्षे चालवले आहे. पूर्वी बुड्या मारून, पाटीने रेती काढत. पुढे सक्शन पंप आले आणि एका रात्रीत पूर्वीच्या महिन्याची रेती निघू लागली. तळ खोल गेला की काठ ढासळतो आणि काठासोबत शेत, माड आणि घरटेही.

घरटे हा या गोष्टीतला सर्वांत नाजूक भाग. माघ-फाल्गुनाच्या सुमारास, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, मादी रात्री पाण्याबाहेर येते. भरतीचे पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, उन्हाच्या बाजूची कोरडी, भुसभुशीत जागा निवडते आणि मागच्या पायांनी खड्डा खोदून त्यात २५ ते ३० अंडी घालते. वरून माती सारवल्यासारखी दाबून टाकते. साधारण दोन महिने घरटे जमिनीच्या उबेवर असते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या उबेवरच ठरते: ३२ अंशांच्या आसपास नर, त्याखाली बहुतेक माद्या. जागा सावलीत गेली, वर राडारोडा पडला किंवा झाडी साफ होऊन जमीन तापली, तर पुढच्या पिढीतले नर-मादीचे प्रमाणच बदलते. कोकणात त्यावर आणखी एक अट आहे. मृग लागायच्या आत पिल्ले बाहेर पडायला हवीत. नाहीतर पहिल्या लोंढ्यात घरटे बुडून अंडी कुजतात. म्हणजे योग्य उंचीचा, योग्य उन्हाचा काठ आणि नेमके चार महिने, इतक्या अरुंद वाटेतून ही जात दरवर्षी पुढे सरकते.

गाळ आणि रेती काढणारी यंत्रेही त्याच चार महिन्यांत काठावर उतरतात, कारण नदी तेव्हाच उतरलेली असते.

याच नदीच्या मुखाशी दुसऱ्या एका अंडी घालणाऱ्या जिवाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. बाणकोटच्या शेजारचे वेळास हे गाव सागरी कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले कासवे तिथल्या पुळणीवर घरटी करतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जात. आता सकाळी किनाऱ्याची पाहणी होते, धोक्यातली अंडी जाळीच्या कुंपणात हलवली जातात आणि पिल्ले समुद्रात सोडण्याचा उत्सव पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. हे काम पुढे रायगडच्या दिवेआगर, हरिहरेश्वर अशा किनाऱ्यांवरही पोहोचले. घरी पाहुणे उतरवून गावाला चार पैसे मिळू लागले.

कासवाचे घरटे आणि मगरीचे घरटे यांत जीवशास्त्राच्या दृष्टीने साम्य पुष्कळ आहे: खड्डा, उन्हाची ऊब, उबेवर ठरणारे लिंग, पिल्लांची मोठी गळती. फरक माणसाच्या मनातला. कासवाचे पिल्लू ओंजळीत घेता येते. मगरीच्या घरट्याजवळ तिची आई असते. त्यामुळे वेळासची पद्धत जशीच्या तशी महाडला नेता येणार नाही. नेता येते ती नोंद ठेवण्याची शिस्त: कोणत्या काठावर दरवर्षी घरटी होतात, त्यांची यादी, ती यादी गाळ काढणाऱ्या आणि रेतीचे परवाने देणाऱ्या खात्यांच्या टेबलावर, आणि त्या तेवढ्या जागा फेब्रुवारी ते जून अस्पर्श. सगळी नदी थांबवण्याची यासाठी गरज नाही. मादी पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यात घरटे करते; म्हणून थोडक्या जागा राखूनही बरेच राखले जाते. खालच्या खाडीत खारफुटीला न्यायालयाचे आणि किनारा नियमनाचे संरक्षण आहे. वरच्या, खारफुटी संपते तिथल्या मातीच्या काठाला असे कोणतेच कवच नाही, आणि मगरीची घरटी असतात ती नेमकी तिथे.

मे महिन्याच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला घरट्यातून बारीक आवाज येऊ लागतात. पिल्ले अंड्याच्या आतूनच ओरडतात. मादी तो आवाज ऐकून माती उकरते. न फुटलेले अंडे जबड्यात हलकेच दाबून फोडते आणि वीतभर पिल्ले तोंडात घेऊन एकेक खेप करत पाण्याकडे नेते. म्हैस ओढून नेईल एवढी ताकद असलेला जबडा, आणि त्यातून पिल्लाला ओरखडाही येत नाही. पुढचे काही आठवडे ती काठालगतच्या गवतात, उथळ पाण्यात त्यांच्याजवळ राहते. तोवर महाबळेश्वरच्या माथ्यावर पाऊस धरलेला असतो, आणि सावित्रीचे पाणी गढूळ होऊन वर चढू लागते.